हजर सरांचा तास

हिंगोलीहून सुटणारी सकाळची बस कुरणवाडीच्या फाट्यावर थांबली की सत्यशीलाबाई खंदारे खाली उतरत, छत्री काखेत धरून साडीच्या निऱ्यांवरची धूळ झटकत आणि शाळेच्या रस्त्याला लागत. फाटक कोंडीबा शिपायाने उघडून ठेवलेले असे. कार्यालयात मुख्याध्यापकांच्या मोठ्या टेबलाला काटकोनात एक लहान टेबल लावलेले होते. ती उपमुख्याध्यापकांची जागा. तिथून खिडकीतून फाटक दिसे आणि दारातून व्हरांडा. बाई आधी खिडकी उघडत, मग शिक्षकांचे मस्टर टेबलाच्या कडेला सरकवून ठेवत, म्हणजे येणाऱ्याला आत न शिरता सही करता यावी.

प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार. मुले रांगेने वर्गात जाऊ लागली की त्या मस्टरमधल्या रिकाम्या चौकटी पाहत. ज्याची सही नाही त्याच्या वर्गावर दुसऱ्या कुणाला पाठवायचे, हे ठरवणे त्यांचे काम. याला शाळेत बदली तास म्हणत. कोंडीबा दारात उभा राहून ऐकून घेई आणि शिक्षकांच्या खोलीत जाऊन आपल्या पद्धतीने सांगे, "सर, आठवी ब तुमच्या नशिबाला आलीय, चला." शिक्षक कुरकुरत उठत.

२००३ सालच्या जूनमधल्या त्या गुरुवारी दोन शिक्षक रजेवर होते. बाईंनी त्यांचे तास वाटून दिले. कोंडीबाने मान डोलावली आणि रोजच्या सवयीने विचारले, "आन् दहावी ड?"

"प्रभू सरांची सही आहे," बाई म्हणाल्या.

"मग डबे काढतो."

प्रभू सरांची सही रोज सगळ्यांच्या आधी असे. वळणदार, खाली रेघ ओढलेली. संस्थेचे अध्यक्ष उत्तमराव यांच्या बहिणीचा हा मुलगा. गणिताचा शिक्षक म्हणून त्याची नेमणूक होती. तो मोटारसायकलवर येई, सही करी आणि प्रार्थना संपायच्या आत औंढ्याच्या रस्त्यावरच्या आपल्या खतांच्या दुकानात जाऊन बसे. ज्याची मस्टरवर सही आहे तो हजर, आणि हजर सरांच्या तासाला बदली देता येत नाही, असा या शाळेचा नियम होता. तो कुठल्याही शासकीय पुस्तकात नव्हता. कुणा जुन्या उपमुख्याध्यापकांनी तो सोयीसाठी पाडला आणि पुढे तो चालत आला. तास रिकामा राही. वर्गात गोंधळ नको म्हणून कोंडीबा मागची खोली उघडून पत्र्याचे डबे बाहेर काढी आणि दहावी ड ची मुले गणिताच्या तासाला हापशावरून पाणी आणून शाळेच्या आवारातल्या झाडांना घालत.

झाडे उत्तम आली होती. दोन वर्षांपूर्वी सुंदर शाळेचे तालुक्याचे बक्षीस मिळाले तेव्हा पाहुण्यांनी बागेचे फार कौतुक केले. प्रत्येक झाडाला, ते ज्याने जगवले त्या मुलाच्या नावाची पत्र्याची पाटी होती. सगळी नावे ड तुकडीची होती. मेंढपाळांची, तांड्यावरची, बौद्धवाड्यातली. अ तुकडीत अध्यक्षांचा नातू होता, सरपंचांची मुलगी होती, गावातल्या डॉक्टरांचा मुलगा होता. त्यांच्या नावाचे एकही झाड नव्हते, कारण त्यांना गणित राम सर शिकवत, आणि राम सर शिकवू लागले की वर्गातले पोर बाहेर पाहत नसे.

त्या दिवशी मधल्या सुट्टीच्या सुमारास पंचफुलाबाई आली. तिची मेंढरे माळावर होती आणि ती थोरल्या मुलीला, अंजलीला, घेऊन आली होती. अंजली मार्चमध्ये ड मधून दहावीला बसली आणि गणितात नापास झाली. आता धाकटी रेणुका दहावीत आली होती, ड मध्येच. पंचफुलाबाई तिचा दाखला काढायला आली होती.

बाईंनी दोघींना बसायला सांगितले. पंचफुलाबाई खुर्ची सोडून उंबऱ्याशी बसली. दाखला काहून काढता, असे बाईंनी विचारले तेव्हा ती मोकळेपणाने सांगू लागली. थोरलीचे डोके चालले नाही, तसेच धाकटीचेही चालणार नाही. मालक म्हणतात, पोरीला उगं एक वर्ष बसवून काय करायचे. एक स्थळ नरसीकडचे आहे. शाळेवर तिचा काही राग नव्हता. मास्तरांनी आपल्या परीने केलेच असेल.

"वर्षभरात प्रभू सरांनी काय काय शिकवलं?" बाईंनी अंजलीला विचारले.

पोरीने आईकडे पाहिले. "सर आले न्हाईत बाई. आमी झाडाला पानी घालायचो."

"रोज?"

"रोज. गनिताचा तास असला का."

पंचफुलाबाईच्या चेहऱ्यावर हसू आले. ती उठून खिडकीशी गेली आणि आवारातल्या एका करंजाकडे बोट दाखवून म्हणाली, "तेच ना गं तुजं? काय सावली धरलीय वो बाई. पाटी हाय तिच्या नावाची. मला वाचता येत न्हाई, पर तिनं दावली हुती. डोकं न्हाई पोरीला, पर हात गुनाचा हाय."

सत्यशीलाबाईंनी करंजाकडे पाहिले, मग तिच्याकडे. या बाईने ओरडायला हवे होते. टेबलावर हात आपटून, माझ्या पोरीचे वर्ष कुणी खाल्ले, असे विचारायला हवे होते. ती झाडाचे कौतुक करत होती. शाळेने तिच्या मुलीचे गणित चोरले होते आणि वर, चूक मुलीच्या डोक्याची आहे, एवढे मात्र तिला नीट शिकवले होते. बाईंनी दाखला आज मिळणार नाही, रेणुकाला सोमवारपर्यंत शाळेत पाठवा, मग पाहू, असे सांगितले. आवाज इतका कोरडा निघाला की पंचफुलाबाईला वाटले आपलेच काही चुकले. "बराबर हाय, बराबर हाय," म्हणत ती पोरीला घेऊन निघून गेली.

बाई हट्टा गावच्या. वडील दुसऱ्याच्या शेतात सालाने राबले. वसमतच्या वसतिगृहात राहून त्या शिकल्या, औरंगाबादला विद्यापीठात गेल्या, बी.एड. झाल्या आणि कुरणवाडीला इंग्रजीच्या शिक्षिका म्हणून लागल्या. तेव्हा हा भाग परभणी जिल्ह्यात होता. ड तुकडीचे काय चालते हे त्यांना पहिल्याच वर्षी दिसले. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी समजूत घातली, की तुम्ही नव्या आहात, जरा वरच्या जागेवर या, मग बोला. पुढे त्या पर्यवेक्षिका झाल्या. पर्यवेक्षिकेच्या हातात वर्गांना भेटी देण्यापलीकडे काही नव्हते. भेटी दिल्या, शेरे लिहिले, शेरे कपाटात गेले. हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्याच्या पुढच्या वर्षी त्या उपमुख्याध्यापिका झाल्या आणि शाळेचे वेळापत्रक त्यांच्या हाती आले. मग सगळे म्हणू लागले, आता एकच पायरी राहिली. मुख्याध्यापक हरिचंद सर निवृत्त होतील, खुर्ची तुमचीच आहे, तोवर कशाला कुणाला दुखवता. आणि त्या तीन वर्षे रोज सकाळी "प्रभू सरांची सही आहे" असे म्हणत राहिल्या होत्या.

हरिचंद सर येत्या सोमवारी, महिन्याच्या अखेरच्या दिवशी, निवृत्त होणार होते. सेवाज्येष्ठतेत बाई पहिल्या. संस्थेने त्यांच्या नावाचा प्रस्ताव हिंगोलीला शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवायचा, तिथून मान्यता यायची. नियमाने दुसरे कुणी बसू शकत नव्हते. पण प्रस्तावच गेला नाही तर खुर्ची वर्षानुवर्षे रिकामी ठेवता येते, हेही शाळेतल्या प्रत्येकाला माहीत होते.

त्या दुपारी हरिचंद सर सुपारी कातरत बसले होते. बाईंनी अंजलीची हकीकत सांगितली आणि नव्या वेळापत्रकात दहावी ड चे गणित राम सरांना द्यायचे ठरवले आहे, असेही सांगितले. सरांनी अडकित्ता खाली ठेवला. ते भले गृहस्थ होते. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाचे वाईट केले नव्हते, आणि त्यासाठी पुष्कळ ठिकाणी मान वळवून घेतली होती.

"जुनंच वेळापत्रक आणखी महिनाभर चालू द्या बाई," ते म्हणाले. "प्रस्ताव जाऊ द्या, मान्यता येऊ द्या. या खुर्चीवर बसा आणि मग हवं ते करा."

बाईंना त्यांचा राग आला नाही. राग त्या वाक्याचा आला. हेच वाक्य त्यांनी निरनिराळ्या तोंडांतून ऐकले होते, आणि एखाद्या नव्या शिक्षिकेची समजूत घालताना आपल्याही तोंडून.

शुक्रवारी दुपारी उत्तमराव स्वतःच आले. कोंडीबाने त्यांच्यासाठी बाकावर सतरंजी अंथरली, पण ते हरिचंद सरांच्या खुर्चीवर बसले. सर वर्गावर गेले होते. उत्तमरावांनी ही शाळा स्वतःची जमीन देऊन उभी केली होती. पत्र्याच्या दोन खोल्यांपासून त्यांनी ती इथवर आणली, आणि गावातल्या मुली दहावीपर्यंत पोचल्या त्या या शाळेमुळेच, हे बाईही नाकारत नसत. त्यामुळे त्यांच्यावर रागावणे सोपे नव्हते.

चहा आला. उत्तमरावांनी प्रस्ताव तयार असल्याचे सांगितले. सोमवारी संस्थेचा माणूस तो घेऊन हिंगोलीला जाईल. दुसरा कुणी अध्यक्ष असता तर एवढ्या लवकर पाठवला नसता, हेही सांगितले. शिवाय, वीस वर्षांमागे तुम्हाला कुणी दारात उभे करत नव्हते तेव्हा मीच नोकरीवर घेतले, याची त्यांनी हसतहसत आठवण करून दिली. बाईंची जागा राखीव होती, ती भरली नाही म्हणून शाळेचे अनुदान अडले होते आणि घेतले ते त्यामुळे. दोघांनाही हे ठाऊक होते.

"आता नव्या वेळापत्रकाचं," उत्तमराव म्हणाले. "ऐकतो की ड चं गनित रामला देऊन राहिल्या तुमी."

"विचार आहे तसा."

"मग अ ला कोन शिकवल? कोंडीबा?" ते स्वतःच हसले. "प्रभूला तकलीफ देऊ नका बाई. दुकान बी बघून राहिलं, शाळा बी बघून राहिलं ते पोरगं."

ते पोरगं चाळिशीला आले होते.

"तुमी मोठ्या खुर्चीवर गेल्या की तुमची ही जागा खाली व्हनार," उत्तमराव पुढे म्हणाले. "तिथं प्रभूला प्रभारी बसवू. मस्टर, वेळापत्रक, बदली तास, समदं तेच बघल. तुमाला या वयात ती कटकट काहून?"

बाईंनी कप बशीत ठेवला. वीस वर्षे ज्या पायऱ्या चढण्यासाठी त्या थांबल्या होत्या, त्यांतली शेवटची पायरी त्यांना आता पहिल्यांदा नीट दिसली. वरच्या खुर्चीवर सह्या होत्या, सभा होत्या, पाहुण्यांचे हार होते. कोणता शिक्षक कोणत्या वर्गात जाईल हे मात्र ठरत होते या लहान टेबलावर, आणि त्यांना वर बसवायचे होते ते हे टेबल मोकळे करण्यासाठी.

"साहेब, ड च्या मुलांनाही परीक्षेत तोच पेपर येतो," त्या म्हणाल्या.

"येतो ना. आन् अ चे पास व्हतेत, ड चे न्हाई व्हत. ह्यात तुमचा दोष न्हाई, माजा बी न्हाई." उत्तमरावांचा आवाज मऊ झाला. "वेळापत्रक म्हंजे गावाची वेस हाय बाई. ज्याची जागा त्यानं बसलं का भांडन व्हत न्हाई. तुमाला तर हे जादा सांगायची गरज न्हाई."

शेवटचे वाक्य त्यांनी अगदी आपुलकीने उच्चारले होते. हट्ट्याला वेशीबाहेरच्या विहिरीवर सत्यशीलाबाईंची आई घागर घेऊन दुसऱ्याने पाणी ओतण्याची वाट पाहत उभी राहायची. तिला तिथे उभे करणारे लोकही असेच आपुलकीने बोलत. इतक्या वर्षांत बाईंना कधी शिवी द्यावीशी वाटली नव्हती. ती आता जिभेवर आली, हट्ट्याच्या बोलीत, आईच्या आवाजात. त्यांनी ती गिळली, कारण शिवी दिल्यावर उत्तमराव एवढेच सांगत फिरले असते, की बाईंनी शिवी दिली.

"चहा थंड होतोय साहेब," त्या म्हणाल्या.

उत्तमरावांनी ते होकारासारखे घेतले. जाताना, निरोपसमारंभाचा खर्च संस्था करील, असे त्यांनी दारातूनच सांगितले.

शनिवारी सकाळची शाळा होती. मुले गेल्यावर बाई मागे राहिल्या. त्यांनी मोठा पांढरा तक्ता टेबलावर पसरला, पट्टीने रेघा मारल्या आणि तास भरायला घेतले. वेळापत्रक करायला त्यांना नेहमीच आवडे. कुणाला सलग तीन तास येऊ नयेत, लहान वर्गांना शेवटच्या तासाला गणित नको, ज्यांना औंढ्याची बस धरायची त्यांना लवकर मोकळे करावे. कुणी आभार मानत नसे अशी ही काळजी होती.

राम सरांचे नाव त्यांनी दहावी ड च्या गणितापुढे लिहिले. आता प्रभू सरांना कुठे ठेवायचे हा प्रश्न होता. नववी ड? तिथेही डबेच निघाले असते. आठवी ड? तिथेही तेच. प्रत्येक ड मध्ये अशी मुले होती की ज्यांचे आईबाप शाळेत आले तर उंबऱ्याशी बसत. या माणसाला वर्गात आणू शकेल अशी एकच जागा शाळेत होती. बाईंनी लेखणी उचलली आणि थांबल्या. अ च्या मुलांचा दोष काय होता? बाईंच्या इंग्रजीच्या तासाला अध्यक्षांचा नातू पहिल्या बाकावर बसे. सरळ मुलगा, प्रश्न विचारणारा. त्याचा एखादा आठवडा वाया जाईल. पण त्या मुलाने घरी जाऊन, आज सर आले नाहीत, असे सांगितले की त्याच संध्याकाळी कुणीतरी चप्पल पायात घालून निघेल. अंजलीने वर्षभर सांगितले असते तरी कुणी निघाले नसते. एक आठवडा आणि एक जन्म यांचे वजन त्यांना सारखे वाटेना. त्यांनी दहावी अ च्या गणितापुढे प्रभू सरांचे नाव लिहिले.

पुढचे सगळे त्यांना स्वच्छ दिसत होते. सोमवारी प्रस्ताव जाणार नाही. कदाचित पुढची कित्येक वर्षे जाणार नाही. हक्क त्या सोडणार नव्हत्या. हिंगोलीला अर्ज करतील, तारखांना जातील. पण ड तुकडी ही त्या हक्काची किंमत असेल तर खुर्ची थांबू शकत होती. आणि खुर्ची अडवून उत्तमराव त्यांना ठेवणार कुठे? इथेच, या लहान टेबलाशी.

हरिचंद सर घरी जायला निघाले होते. वेळापत्रकावर मुख्याध्यापकांची सही लागते. बाईंनी तक्ता त्यांच्यापुढे धरला. सरांनी चष्मा लावला आणि ओळीमागून ओळ वाचत बोट खाली आणले. दहावीच्या रकान्यावर ते थांबले.

"हे सोमवारनंतर लावलं असतं तर," ते म्हणाले.

"सोमवारनंतर ही सही तुमची नसेल, सर."

सरांनी खिडकीबाहेर पाहिले. करंजाच्या सावलीत एक शेळी बसली होती. "म्हणजे माझ्या निरोपाला अध्यक्ष येत नाहीत," ते म्हणाले. "बरं झालं. त्यांचं भाषण लांबतं." आणि त्यांनी सही केली.

तक्ता बाईंनी स्वतःच फळ्याला टाचला. चारी कोपऱ्यांना.

सोमवारी बस वेळेवर आली. फाटक उघडे होते. बाईंनी खिडकी उघडली, मस्टर कडेला सरकवले. प्रभू सर आले. फळ्याकडे न पाहता त्यांनी सही केली, खाली रेघ ओढली आणि प्रार्थना संपायच्या आत मोटारसायकलचा आवाज औंढ्याच्या दिशेने गेला. राम सर मात्र फळ्यापुढे थोडे थांबले, मग खडू घेऊन ड च्या वर्गाकडे चालू लागले.

कोंडीबा दारात उभा राहिला. आज रजेवर कुणी नव्हते. तो जाईना. दहावी अ मधून बाके सरकवल्याचे आवाज येऊ लागले होते, कुणीतरी मोठ्याने हसले.

"बाई, अ वर सर न्हाईत," तो म्हणाला. "कोनाला पाठवू?"

बाईंनी मस्टर त्याच्याकडे वळवले.

"प्रभू सरांची सही आहे कोंडीबा. हजर सरांच्या तासाला बदली देत नाहीत."

कोंडीबाने सहीकडे पाहिले, मग बाईंकडे. त्याच्या मिशीआड काहीतरी हलले. "मग अ ला डबे काढू का?"

"नको. डबे आणून दे इकडे सगळे."

त्याने ते दोन खेपांत आणले. बाईंनी ते आपल्या टेबलामागच्या कपाटात रचून ठेवले, कुलूप लावले आणि किल्ली पर्समध्ये टाकली. व्हरांड्याच्या एका टोकाला अ तुकडीचा गोंगाट वाढत होता. दुसऱ्या टोकाला राम सरांनी काहीतरी विचारले असावे, कारण तिथे सारे गप्प होते, आणि मग एका मुलीने अडखळत उत्तर द्यायला सुरुवात केली. आवाज रेणुकाचा होता की दुसऱ्या कुणाचा, हे इतक्या लांबून कळत नव्हते.